दुखण्याचा आकडा

पडद्यावर शून्य आलं. हिरव्या रंगात, चांगलं वीतभर उंच.

"परत लावा," मी म्हटलं.

"मॅडम, परतच लावलं होतं," तिथली तंत्रज्ञ मुलगी म्हणाली. "दोन्ही वेळा शून्यच."

"मग तिसऱ्यांदा लावा. इथे माझ्या बरगडीत निखारा ठेवलाय कुणीतरी, आणि तुमचं मशीन म्हणतं काही नाही? डोळे फुटलेत का त्याचे?"

मुलगी कसनुसं हसली आणि माझ्या छातीवरचा पट्टा सोडायला लागली. तिची बोटं डाव्या बरगडीला लागली तसा माझा जीव कळवळला. मी ओठ आवळून धरले. ओरडले असते तर तेही नाटकच ठरलं असतं, कारण समोर शून्य लिहिलेलं होतं.

आमचे हे, म्हणजे भरतेश मगदूम, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते. ते माझ्याकडे बघत नव्हते, त्या शून्याकडे बघत होते. जयसिंगपुरात यांचं पाण्याच्या पंपांचं आणि मीटरचं दुकान आहे. 'मीटर खोटं बोलत नाही, माणूस बोलतो,' हे वाक्य मी लग्न झाल्यापासून ऐकत आले आहे. आजवर ते गिऱ्हाइकांसाठी असायचं.

मिरजेहून परत निघालो. गाडी आपली आपण चालत होती, त्यामुळे यांना हात बांधून बसायला मोकळीक होती. अंकलीचा पूल आला तसे ते माझ्याकडे वळले.

"शैला, एक विचारू? रागावू नकोस."

"विचारा. रागवायचं की नाही ते माझं मी बघते."

"खरंच दुखतं का गं?"

मी तोंड फिरवलं. खिडकीतून नदीकडे बघत राहिले आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. रागाचं होतं. दुखण्यानं रडायचं मी केव्हाच सोडून दिलं होतं.

माझी गोष्ट साधी आहे. त्या शून्याच्या आदल्या उन्हाळ्यात मला नागीण झाली. लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या, की त्यांचा विषाणू शरीरातून जात नाही. पाठीच्या कण्याशेजारी नसेचं मूळ असतं, तिथे तो झोपून राहतो. पन्नाशीच्या आसपास अंगातली ताकद जरा कमी झाली, की उठतो आणि नसेच्या वाटेनं कातडीपर्यंत येतो. फोडांचा पट्टा उमटतो, तीच नागीण. फोड दोन-तीन आठवड्यांत वाळतात. पण काहींच्या बाबतीत ती नस कायमची बिघडते. टोचायला कुणी नसतं, भाजायला कुणी नसतं, तरी नस मेंदूला कळवत राहते की भाजतंय, टोचतंय. फोन उचलला तरी घंटा वाजतच राहावी, तसं. पदर लागला तरी आग, वाऱ्याची झुळूक आली तरी आग. गोळ्यांनी डोकं जड व्हायचं, वर्गात फळ्यासमोर उभी असताना शब्द आठवायचे नाहीत. मी हायस्कुलात विज्ञान शिकवते. मुख्याध्यापिका व्हायची वेळ आली होती, तेव्हा मी नको म्हणून कळवलं. वरून बघावं तर बरगडीवर दोन फिकट डाग, बाकी कातडी धडधाकट. मग लोक काय म्हणणार?

तशात हे मशीन आलं. त्याचं नाव 'साक्षी'. नसेतून वीज वाहते, आणि जिथे वीज वाहते तिथे थोडंसं चुंबकीय क्षेत्र तयार होतं, हे तर मी आठवीला शिकवते. पण नसेचं क्षेत्र किती? पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तुलनेत अब्जावा भाग म्हटलं तरी चालेल. ते पकडायला काचेच्या इवल्याशा डब्यांत रुबिडियम धातूची वाफ भरतात आणि तिच्यातून लेझर सोडतात. जरासं चुंबकत्व आलं तरी वाफ प्रकाश अडवते. असे शंभरेक डबे पट्ट्यात बसवायचे, माणसाला खास धातूच्या भिंतींच्या खोलीत न्यायचं, आणि कुठली नस विनाकारण किती बडबडतेय ते बघायचं. त्याचा शून्य ते दहा असा आकडा करायचा.

दुखणं पहिल्यांदाच दिसायला लागलं. मीही टाळ्या वाजवल्या होत्या तेव्हा, खोटं कशाला सांगू! पण लोकांनी त्याचं काय केलं बघा. हापिसात रजेच्या अर्जावर आकडा मागायला लागले. चाराच्या खाली असणाऱ्यानं कण्हायचं नाही, असा अलिखित नियमच झाला. लग्नात बायका साड्यांचं बोलून झालं की आकड्यावर यायच्या. "तुमचा किती? माझा साडेपाच." साडेपाचवालीला लगेच खुर्ची. आमच्या शाळेतल्या एका बाईंची अर्धशिशी वीस वर्षं कुणी विचारली नव्हती, तिचा सहा आला आणि शिपाई तिला चहा आणून द्यायला लागला.

आणि माझा शून्य.

तो नुसता मानापमानाचा प्रश्न असता, तर मी म्हटलं असतं, गेलं उडत. पण मिरजेच्या त्या संशोधन केंद्रात इंजेक्शनची चाचणी चालली होती. नसेतून दुखण्याचा निरोप निघतो तो सोडियमच्या सूक्ष्म दारांतून. बिघडलेल्या नसेवर ही दारं सताड उघडी राहतात. निरुपद्रवी केलेल्या एका विषाणूच्या पाठीवर सूचना लादून नसेच्या मुळाशी सोडायच्या, की ती नस नवी दारं कमीच बनवते. एकदाच टोचायचं. पण टोचायचं कुठे? पाठीच्या कण्यातून नसांची मुळं जोडीजोडीनं निघतात, आणि त्यांतलं नेमकं कुठलं पेटलंय हे 'साक्षी'च्या नकाशावरून ठरायचं. आकडा नाही तर नकाशा नाही, नकाशा नाही तर इंजेक्शन नाही. त्या महिन्याच्या अखेरीस नावनोंदणी बंद होणार होती. नंतर पुन्हा कधी, कुणालाच सांगता येत नव्हतं. म्हणजे तसंच दुखत उरलेलं आयुष्य काढायचं?

घरी माझ्यावर विश्वास ठेवणारं एकच माणूस होतं. सासूबाई. त्यांना सगळे आक्काच म्हणतात, मीही. शून्याचं सांगितलं तेव्हा त्या भाकरी थापत होत्या.

"शून्य म्हंजे?"

"म्हणजे दुखत नाही म्हणे मला."

"आगं बया! त्याला काय कळतंय? रात्रीचं कण्हणं मी ऐकतीया का ते?" त्यांनी परातीतले हात झाडले. "चल, पाट घे. गेरू उगाळते."

आता हे कुठे बोलायचं नाही, असं आमचं दोघींचं ठरलेलं होतं. नागीण निघाली त्या दिवसापासून आक्का रोज दुपारी दुर्वांच्या रसात गेरू उगाळायच्या आणि कापसाच्या बोळ्यानं माझ्या बरगडीवर अलगद फिरवायच्या. फोड गेले तरी त्यांनी सोडलं नाही. मी भोंदूगिरीविरुद्ध गावोगाव भाषणं देणारी बाई. 'नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस मरतो' या समजुतीवर तर माझं वेगळं व्याख्यान आहे. आणि घरी मी पाटावर बसून गेरू लावून घेते! पण खरं सांगते, तो गार लागायचा. त्याहून म्हणजे, आक्कांचा हात इतका हलका होता की त्यांचा तेवढाच स्पर्श मला सोसायचा. मिरजेला जायच्या दिवशी मी अंघोळीला साबणानं खसखसून धुऊन जायचे, मागमूस ठेवायचे नाही. "काही मलम, तेल, औषध लावता का?" असं केंद्रात विचारायचे. मी नाही म्हणायचे. गेरू काय औषध आहे?

शून्यानंतर घरातली हवाच बदलली. हे मला लागेल असं काही बोलत नव्हते, पण बघत होते. मी कपाटातून डबा काढायला डावा हात वर केला की यांची नजर वर. फोनवर मैत्रिणीशी हसले की पेपर खाली. मला पोलीस चौकीत राहिल्यासारखं झालं होतं. एकदा म्हणाले, "मुख्याध्यापिकेचं काम नको होतं तर तसं सरळ सांगायचंस." म्हणजे यांनी मनात सगळा हिशेब जुळवून ठेवला होता तर!

एका रविवारी दुपारी मी कुशीवर पडले होते. मे महिना, अंगाची लाही होत होती, पण पंखा बंद. वारा चालत नव्हता ना मला. डोळा लागला असावा. एकाएकी बरगडीवरून सुरी ओढल्यासारखं झालं आणि मी किंचाळत उठले. वर पंखा फिरत होता. यांचा हात बटणावर होता.

"काय करताय?"

"काही नाही. बघत होतो."

"काय बघत होता?"

"झोपेतसुद्धा दुखतं का ते."

किंचाळी ऐकून आक्का स्वयंपाकघरातून धावत आल्या, त्यांनी आधी पंखा बंद केला आणि मग लेकाकडे वळल्या. "लाज वाटत न्हाई? तुझ्या बापाची दाढ दुखायची तवा मी मीटर लावला व्हता व्हय रं?"

"आई, तू मध्ये पडू नकोस. तुझ्या लाडानंच झालंय हे सगळं." मग माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाले, "तू झोपलेली नव्हतीस, शैला. जागीच होतीस."

त्या दिवशी मला कळलं, की या माणसाला आता कुठलाच पुरावा पुरणार नाही.

मग संशय माझ्याही डोक्यात शिरला. मशीन चुकत नाही, आणि मी तर खोटं बोलत नाही. तर मग कोण? पहिल्यांदा यांचाच संशय आला. पट्टा बांधताना हे शेजारी उभे होते, मीटरमधलं यांना कळतं, काही केलं नसेल कशावरून? दोन दिवस मी यांच्या खिशातल्या वस्तू तपासल्या. चाव्या, पाकीट, गुळाची चिक्की. मग मला केंद्राचाच संशय यायला लागला. रुग्णांचा फोनवर एक गट होता. त्यात विचारलं, तर अजून तिघींचे आकडे शून्य! इचलकरंजीच्या एक बाई, दोघी कवठेमहांकाळकडच्या. तिघींनाही नागिणीनंतरचंच दुखणं. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ज्यांचं दुखणं इंजेक्शननं जाणार नाही असं केंद्रवाल्यांना वाटतं, त्यांना आधीच शून्य देऊन बाहेर काढायचं. मग राहिलेले सगळे बरे होणार आणि चाचणी शंभर टक्के यशस्वी. वा रे संशोधन!

मी तडक मिरज गाठली. हेही बरोबर आले, मी तिथे काय बोलते ते ऐकायला. केंद्राच्या प्रमुख डॉ. नाझनीन मुजावर. चाळिशीच्या, मिरजेच्याच, बोलायला मऊ. मी त्यांच्या टेबलासमोर उभं राहूनच सगळं बोलून टाकलं. शेवटी म्हटलं, "डॉक्टर, तुम्ही रुग्ण निवडताय की निकाल?"

मला वाटलं आता बाहेर काढतील. त्यांनी चष्मा काढला आणि पुसला.

"बसा, मगदूमबाई. हा संशय मलाच आधी यायला हवा होता," त्या म्हणाल्या. "चार बायका, चौघींना एकच आजार आणि चौघींचा शून्य. शून्य काय हो, निरोगी माणसाचासुद्धा पूर्ण शून्य येत नाही. चला, आकडा राहू दे. त्याच्या मागचा कच्चा आलेख बघू."

पुन्हा ती धातूची खोली, पुन्हा पट्टा. या वेळी पडदा माझ्याजवळ ओढलेला होता आणि हे कोपऱ्यातल्या खुर्चीत न बसता माझ्या उशाशी उभे होते. डॉक्टरांनी काहीतरी दाबलं आणि पडद्यावर रेघा आल्या. मला वाटलं होतं बारीक बारीक काटे दिसतील. दिसल्या त्या मोठाल्या संथ लाटा, वर, खाली, वर, खाली.

"हे काय?" डॉक्टर पुटपुटल्या. "जरा श्वास रोखा."

मी रोखला. लाट थांबली. सोडला, तशी लाट पुन्हा सुरू.

"छाती हलते तसं हलतंय. म्हणजे तुमच्या अंगावर काहीतरी चुंबकीय आहे आणि ते श्वासाबरोबर वरखाली होतंय. नसेच्या मानानं हा गोंगाट प्रचंड. संगणकानं काय केलं, गोंगाट म्हणून हा सगळा भागच कापून टाकला. आणि त्या कापलेल्या भागातच तुमची नस होती." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मंगळसूत्र काढलंय. हूक, पिना? कधी शस्त्रक्रिया, टाके? कातडीला काही लावता का?"

"नाही," मी सवयीनं म्हटलं.

आणि म्हणता म्हणता मला आक्कांचा गेरू आठवला. नववीचा धडा आहे तो, मीच शिकवते. लोखंडाचा गंज आणि गेरू, दोन्ही लोखंडाची ऑक्साइडंच. बाजारातल्या गेरूत तर चुंबकाला सरळ चिकटणारे कणही मिसळलेले असतात. वर्षभर रोज लावलेला, कातडीच्या रंध्रारंध्रांत मुरलेला. साबणानं वरचा रंग जाईल, कण कसे जातील?

मला कळलं, आणि तरी माझं तोंड उघडेना. डॉक्टर वाट बघत होत्या, हे माझ्याकडे रोखून बघत होते. मी सांगितलं तर हे काय करतील ते मला दिसत होतं. घरी जाऊन आईला फाडून खातील. तुझ्या गेरूनं माझ्या बायकोला खोटं पाडलं, म्हणतील. स्वतः काय केलं ते सोयीनं विसरतील. आणि विज्ञानाच्या बाई पाटावर बसून गेरू लावून घेतात, हे सांगताना मला स्वतःलाही मेल्याहून मेल्यासारखं होणार होतं. पण नाही सांगितलं, तर हे दुखणं मरेपर्यंत माझं.

"अहो," मी म्हटलं, "जरा बाहेरून चहा आणता? घसा कोरडा पडलाय."

यांनी एकदा डॉक्टरांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. यांना संशय आलाच. पण गेले.

दार लागलं आणि मी एका दमात सांगून टाकलं. मला वाटलं त्या हसतील.

"माझी नानीसुद्धा गेरूच लावायची," डॉ. मुजावर म्हणाल्या. त्यांनी कपाळाला हात लावला. "आणि आम्ही विचारतो काय, तर मलम, तेल, औषध! अहो, गेरू कोण सांगणार त्यात?" त्यांनी तिथूनच बाकी तिघींना फोन लावले. इचलकरंजीच्या बाईंना गेरूचं विचारलं, तर त्या म्हणाल्या, "तुम्हाला कुणी सांगितलं?" आम्ही दोघी इतक्या हसलो की माझी बरगडी पेटली आणि हसता हसता मी कळवळले.

नावनोंदणी बंद व्हायला आठवडा होता. तोवर गेरू बंद, आणि तेल चोळून, डाळीच्या पिठानं घासून कातडीतले कण काढायचे. "दुखेल फार," डॉक्टर म्हणाल्या. हे चहा घेऊन आले तेव्हा त्यांनी यांना सांगितलं, की शाळेच्या प्रयोगशाळेतला लोखंडाचा कीस अंगावर उडाला असावा. मी असं सांगा म्हटलं नव्हतं. बाईमाणसाला काही गोष्टी न सांगता कळतात.

आता आक्कांना सांगायचं होतं. घरी आल्यावर मी अंगणात त्यांच्याशेजारी बसले. त्या शेंगा फोडत होत्या. कसं सांगावं ते सुचेना, म्हणून सरळच सांगितलं.

त्यांचे हात थांबले. "म्हंजे माझ्यामुळं?"

"तुमच्यामुळे नाही हो आक्का. गेरूमुळे."

"गेरू काय चालत आला व्हता तुझ्याकडं?" त्यांनी शेंगा बाजूला सारल्या. "वरीसभर पोरीला खोटं पाडलं मी. माझ्या हातानं."

"तुम्ही होता म्हणून मी जिवंत आहे," मी म्हटलं. ते खरं होतं आणि मी ते तोपर्यंत कधीच बोलले नव्हते. त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि उठल्या. "चल. तेल गरम करते. ज्यानं लावलं त्यानंच काढावं."

तो आठवडा मला आठवला तरी काटा येतो. जिथे पदर सोसत नव्हता तिथे डाळीचं पीठ घासायचं. मी तोंडात टॉवेल धरायचे. आक्का एकेक बोटाएवढी जागा घ्यायच्या, घासायच्या, थांबायच्या, फुंकर घालायला जायच्या आणि फुंकरही दुखते हे आठवून तोंड फिरवायच्या. दोघींचीही तोंडं रडून सुजायची. यांनी एकदा विचारलं, "काय चाललंय रोज दार लावून?" आक्का म्हणाल्या, "बायकांचं हाय. तू दुकान बघ."

शेवटच्या दिवशी आकडा आला आठ पूर्णांक तीन. लाल रंगात. नकाशावर सहावं मूळ आगीसारखं पेटलेलं होतं.

हे भिंतीला टेकले. मग त्यांच्या तोंडून हुंदका फुटला, सगळ्यांसमोर. माझा हात धरून म्हणाले, "चुकलो गं. इतकं असतं होय?" मला समाधान वाटायला हवं होतं. मनात आलं, हे रडू कोण आणतंय? मी वर्षभर यांच्यासमोर तळमळले तेव्हा आलं नाही, लाल आकड्यानं एका क्षणात आणलं. घरी जाऊन यांनी आईला सांगितलं, "आठाच्या वर आहे, आई! आठाच्या वर!" आक्का म्हणाल्या, "मग मी काय कानडीत सांगत व्हते?"

इंजेक्शन मिळालं. लगेच काही झालं नाही. दिवाळीच्या सुमारास एका सकाळी लक्षात आलं, की मी डाव्या कुशीवर झोपून उठलेय. मी मुद्दाम पंख्याखाली जाऊन उभी राहिले, पाचावर केला, पदर उडू दिला. आक्का आणि मी, दोघी बायका पंख्याखाली खुळ्यासारख्या हसत होतो.

त्यानंतर वर्षभरात 'साक्षी'चा घरगुती पट्टा निघाला. धातूची खोली लागत नाही, कुठेही बांधा, आकडा हजर. सांधे, पाठ, डोकं, सगळ्याला चालतो. यांनी दुकानात ठेवला आणि धडाधड खपायला लागला. एक घरात आणला. माझ्यासाठीच, म्हणाले, पुन्हा कधी कुणी तुझ्यावर संशय घ्यायला नको. मी मुख्याध्यापिका झाले होते. पट्टा शाळेतही नेला. पोटदुखीची थाप मारून घरी पळणारी पोरं पहिल्याच महिन्यात निम्मी झाली. शिक्षक म्हणाले, बाई, हे बेस केलंत. मलाही बेसच वाटलं.

पावसाळ्याचे चार महिने आक्कांनी धाकट्या लेकाकडे, सन्मतीकडे, हुबळीला राहायचं, असं दोघा भावांचं ठरलेलं आहे. आक्कांना तिकडं आवडत नाही. तिसरा मजला, शेजारी कन्नड बोलणारे, दिवसभर घरात एकट्या. एका वर्षी निघायच्या दिवशी आक्कांना ताप आला होता, आणि तो ताप चहाच्या कपावर थर्मामीटर धरून आणलाय हे मी स्वतः पाहिलं होतं. तेव्हा मी हसून कुणाला सांगितलं नव्हतं.

या वर्षी सन्मतीभावजी न्यायला आले त्या सकाळी आक्का ओसरीवर बसून होत्या. बॅग अजून भरलेली नव्हती.

"शैला, गुडघा लई ठणकाय लागलाय गं," त्या म्हणाल्या. "पाऊल टाकवंना."

आत हे भावजींना हळूच म्हणाले, "दरवर्षीचं आहे तिचं." भावजी हसले.

मी शाळेला निघायच्या घाईत होते. हातात किल्ल्या, खांद्याला पिशवी. पिशवीत पट्टा. मी काही विचार केला असं नाही. मी म्हटलं, "थांबा हां आक्का, आधी आकडा बघू," आणि चेन ओढून पट्टा बाहेरसुद्धा काढला.

आक्कांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. अनोळखी बाई दारात आल्यावर बघावं तसं. मग त्यांनी लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं आणि पाय पुढे केला.

"लाव बाई."

तेव्हा तरी माझा हात थांबायला हवा होता. थांबला नाही. मी पट्टा बांधला, बटण दाबलं, आणि आम्ही दोघी त्या इवल्याशा पडद्याकडे बघत बसलो. सहा पूर्णांक चार आला, लाल.

"अगं बाई! खरंच दुखतंय की हो आक्का तुम्हाला!" मी म्हटलं.

आक्कांनी पट्टा स्वतःच्या हातानं सोडला, माझ्या हातात दिला आणि लुगडं खाली ओढलं.

"मला ठाऊक हाय," त्या म्हणाल्या, आणि भिंतीला धरत धरत बॅग भरायला आत गेल्या.